प्रश्न तुमचे : अठ्ठेचाळिशीत नोकरी सोडून कुळागरात जाऊ का?

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की एकाच विषयाची पत्रं येतात, दरवर्षी. माणूस आठ दिवस घरी राहतो, गणपतीवर फळांची माटोळी बांधतो, नेवऱ्या खातो, भावंडांशी थोडं भांडतो, आणि मग कामावर जायच्या दिवशी कंपनीच्या बसची वाट बघताना त्याला वाटायला लागतं की हे सगळं सोडून द्यावं. ह्या वेळी तर ढीग आहे. सगळी घेता येणार नाहीत, चार घेतो, आणि पहिल्याला बरीच जागा देतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी ४८ वर्षांचा, राहतो सावईवेरेच्या बाजूला. गेली २१ वर्षं वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगमध्ये आहे, आता शिफ्ट सुपरवायझर. पहाटे पावणेपाचला उठायचं, बस पकडायची, आठ तास मशिनचा आवाज ऐकायचा, परत यायचं. बाबा दोन वर्षांमागे गेले आणि आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) तसंच पडून आहे, म्हणजे अगदीच पडून नाही, चुलतभाऊ बघतो पण त्याचंही लक्ष नाही. पोफळी चारशे असतील, माड तीसेक, मिरी, केळी, थोडी जायफळं. वाटतं नोकरी सोडावी, कुळागर करावं आणि जुन्या घराच्या दोन खोल्यांत होमस्टे काढावा, हल्ली टुरिस्ट समुद्र सोडून आत पण यायला लागलेत. बायको घरी शिवणकाम करते, ती म्हणते तुमचं तुम्ही ठरवा. मुलगी बारावीला. वाड्यावरचे म्हणतात ह्या वयात वेड लागलं काय. तुम्ही पण खाणीवरून एसीच्या लाईनीत गेलात असं तुम्हीच एकदा लिहिलेलं, म्हणून विचारतो. नाव छापू नका.

उत्तर : वेडबिड काही लागलेलं नाही. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात पोफळी किती ते आहे, माड किती ते आहे, टुरिस्ट आहेत, पावणेपाचची बस आहे, आणि पावसात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) कोण मारणार ते कुठंच नाहीय.

तुम्ही कुळागरवाल्या घरातले, पावसात सुपारी कुजवून गाळणारा कोळेरोग म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पण माहीत असणं आणि स्वतः करणं ह्यात किती अंतर असतं ते मी माझ्या सासरवाडीला शिकलो, एका वर्षी मेव्हण्याच्या मदतीला गेलो होतो. पाऊस धरायच्या आधी एक फवारणी, मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी, ती पण उघडीप बघून, आणि आपल्याकडच्या जुलैत उघडीप म्हणजे देवाची कृपाच. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद वेगळा विरघळवायचा, चुना वेगळा कालवायचा, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलटं नाही, आणि भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं चालत नाही. मेव्हण्याने चकचकीत सुरी त्यात बुडवून काढली, पात्यावर तांबूस थर होता, म्हणाला चुना कमी पडलाय, घाल आणखी. आणि हे सगळं त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवलेलं कामाचं राहत नाही. संध्याकाळी माझा शर्ट निळा झालेला आणि वर बघून बघून मान अशी धरली की दोन दिवस ताटातलं जेवण नीट दिसत नव्हतं.

हे घाबरवायला नाही सांगत. माझं म्हणणं एवढंच की जे नवीन काम करायचंय त्यातला सगळ्यात कंटाळवाणा, कमरेला लागणारा भाग आधी करून बघा, नोकरीत असताना. चांगला भाग कुणालाही आवडतो. सकाळी चहाचा कप घेऊन कुळागरात पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकत फिरणं मला पण आवडतं, त्याला कुळागर करणं म्हणत नाहीत. तुमची पहिली पाळी असली तर चारपर्यंत घरी येत असाल, रजा पण साठलेली असणार. येत्या मेअखेरीला, पाऊस धरायच्या आधी, पंधरा दिवस रजा टाका आणि पहिला बोर्डो स्वतः उभं राहून मारून घ्या. पाडेली (झाडावर चढणारा) कोण येतो, कितीला येतो, सांगितलेल्या दिवशी येतो का, ते सगळं ह्या वर्षी तुम्ही बघा, चुलतभावाला मध्ये घालू नका. सुपारी काढा, उन्हात महिना-दीड महिना वाळवा, सोलून घ्या, फोंड्याला बागायतदारच्या सोसायटीत स्वतः घेऊन जा आणि हातात काय पडलं ते वहीत लिहा. माकडांनी किती नारळ पाडले ते पण लिहा, तो पण हिशोबच आहे. जुन्या गेलेल्या पोफळींच्या जागी नवीन लावणार असाल तर पाच ते सात वर्षं त्या काही देणार नाहीत, म्हणजे तुम्ही ५५ चे व्हाल तेव्हा पहिला घड, हे डोक्यात ठेवूनच आकडा मांडा. आणि जुन्या गोव्याला एला इथं आयसीएआरची शेती संशोधन संस्था आहे, तिथं जाऊन विचारा, नारळ-सुपारीत मिरी, जायफळ, दालचिनी कशी बसवायची ह्यावर त्यांचं बरंच काम आहे, आणि आपले लोक तिथं जातच नाहीत, का कोण जाणे.

आता दोन गोष्टी ज्या तुम्ही पत्रात घाईघाईत उरकल्यात.

एक, 'आमचं' कुळागर. आमचं म्हणजे कुणाचं? फॉर्म १-१४ (जमिनीचा उतारा) काढून बघा, त्यावर नाव कुणाचं आहे. दहातल्या आठ घरांत ते आजोबांचं निघतं, आणि मग चुलतभाऊ जो 'बघतो' तो नुसता बघत नाही, तो पण वाटेकरी असतो, आणि मुंबईला दिलेली आत्या पण. आपल्याकडे मुलींचा वाटा पोर्तुगीज काळापासून आहे, तो कुणी मागितला नाही म्हणून संपत नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाली नसेल तर आधी ते. तुम्ही पाच वर्षं घाम गाळणार, ठिबक टाकणार, पंप बसवणार आणि मग कुणीतरी नोटीस धाडणार, असं मी दोन घरांत बघितलंय आणि दोन्ही ठिकाणी भावाभावांत चवथीचं येणंजाणं बंद झालं.

दुसरं, बायको. 'ती म्हणते तुमचं तुम्ही ठरवा.' अहो, हे वाक्य माझी बायको पण बोलते आणि त्याचा अर्थ होकार असा कधीच नसतो. एक तर आपल्या कायद्यात लग्न होताना वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत अर्धी-अर्धी असते, म्हणजे कागदावर पण हे तुमचं तुम्ही ठरवायचं प्रकरण नाहीच. आणि होमस्टे म्हणजे काय काम असतं? चादरी, बाथरूम, सकाळी आठ वाजता पाच जणांचा नाश्ता, पावसात गादीला येणारा बुरसा, रात्री अकराला पाण्याची बाटली मागणारा पाहुणा. ह्यातलं तुम्ही काय करणार आणि ती काय करणार ते कागदावर लिहा आणि तिच्यासमोर ठेवा. मला वाटतं अर्ध्याहून जास्त कामं तिच्या नावासमोर जातील, आणि मग तिचं शिवणकाम, जे आत्ता रोख पैसे देतंय, ते बसेल. माझं मत विचाराल तर होमस्टे आत्ता नको. तीन वर्षांनी बघू. तेव्हा टुरिझम खात्याकडे रजिस्ट्रेशन करून रीतसर करा, आत्ता नुसता फोटो टाकून पाहुणे घेऊ नका.

पैशाचं थोडं सांगतो. ग्रॅच्युईटी तुम्हाला मिळणार, शेवटचं बेसिक आणि डीए धरून वर्षाला पंधरा दिवसांचे पैसे, महिना २६ दिवसांचा मानून. समजा बेसिक-डीए २६ हजार आहे, तर वर्षाचे १५ हजार, २१ वर्षांचे ३ लाख १५ हजार. पीएफबरोबरची पेन्शन मात्र ऐकून निराश व्हाल. पगार गुणिले वर्षं भागिले ७० असं सूत्र आहे, पण पगार धरतात तो १५ हजारांपर्यंतच, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० पर्यंतच, म्हणजे तुमचा हिशोब महिन्याला तीन-चार हजारांच्या घरात येतो, तोही ५८ व्या वर्षी. पन्नाशीला मागता येते पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापतात, आठ वर्षं आधी घेतली तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तर ती तशीच राहू द्या. आणि पीएफ मोडून त्यात जुन्या घराचं छप्पर करायचं डोक्यात असेल (पत्रात नाही लिहिलंय, पण असेल, मी ओळखतो) तर कृपा करून नको. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जाणार, तेव्हा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड आहे का, रिन्यू आहे का ते बघा. तिघांच्या घराला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत.

माझं विचारलंत म्हणून. मी २२ वर्षं खाणीच्या काट्यावर होतो, ट्रकची वजनं लिहायची, पावत्या फाडायच्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने, आणि आम्ही सगळे म्हणत बसलो की दोन महिन्यांत सुरू होईल. मी वर्षभर तसं म्हणत बसलो. ते वर्ष माझं फुकट गेलं, बाकी कशाचं वाईट वाटत नाही एवढं त्याचं वाटतं. मधे थोडं सुरू झालं, तेव्हा काट्यावर परत बोलावलं पण होतं, गेलो नाही, आणि फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या तेव्हा जे परत गेले होते ते दुसऱ्यांदा घरी बसले. मी ४७ व्या वर्षी म्हापशाला एका एसी रिपेरीवाल्याकडे मदतनीस म्हणून लागलो. मालक २६ वर्षांचा. मी त्याला पात्रांव (मालक) म्हणायचो, तो मला अंकल म्हणायचा आणि दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

पहिल्या आठवड्यात त्याने मला तांब्याची नळी फ्लेअर करायला दिली. नळी कापायची, आतली धार रीमरने काढायची, मग टूलमध्ये धरून तोंड फुलासारखं उघडायचं. मी इतकं सुबक केलं, कुठं चीर नाही, काही नाही, अगदी त्याला दाखवायला घेऊन गेलो. तो बघून हसायला लागला. नट कुठाय? नट आधी नळीत सरकवायचा असतो, तोंड उघडल्यावर तो जातच नाही. परत कापा. बाजूचा एकोणीस वर्षांचा पोरगा पण हसला. त्या रात्री मी घरी सांगितलं की उद्यापासून जात नाही, आणि सकाळी गेलो, कारण घरी बसून वाड्यावरच्यांना तोंड देणं त्याहून वाईट होतं. ह्या लाईनीत असं आहे की समुद्राच्या बाजूला खारी हवा बाहेरच्या युनिटचा कॉईल खाऊन टाकते, म्हणजे किनाऱ्यावर हॉटेलं आहेत तोपर्यंत मला काम आहे, हा हिशोब मी काट्यावरच्या माणसाच्या डोक्यानेच केला होता, आवडबिवड नंतर आली.

तुम्ही सुपरवायझर आहात ना, तुमच्या हाताखाली माणसं आहेत. कुळागरात पाडेली तुम्हाला सुपरवायझर समजणार नाही, तो वरून ओरडून सांगणार बाजूला हो म्हणून. ते चालणार असेल तर पुढं जा. राजीनामा मात्र मुलीची ॲडमिशन झाल्यावर आणि एक पूर्ण वर्ष, एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत, वही लिहून झाल्यावर. मग ती वही घेऊन मला परत लिहा, मला खरंच बघायची आहे.

प्रश्न : दादा, मी डिचोलीची, वय ४४, बारावी पास. सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या, सगळं मीच केलं, डायपर, नळीतून भरवणं, सगळं. त्या मे महिन्यात गेल्या. आता आमच्या ओळखीत एक म्हातारं जोडपं आहे, मुलं लंडनला, ते विचारतात की दिवसाची येशील का, पैसे देऊ. मला जायचंय. पण नवरा म्हणतो लोकांच्या घरी असलं काम करणार का, आणि जाऊबाई म्हणाल्या की आयाचं काम आहे ते. काय करू?

उत्तर : ताई, जा. जाऊबाईंना विचारा, सहा वर्षं सासूबाईंचं त्यांनी काय काय केलं. (विचारू नका, भांडण होईल. मनात विचारा.)

आपल्या गोव्यात असं झालंय की घराघरात मोठ्ठी वसरी, त्यात दोन म्हातारी माणसं आणि मुलं गल्फला नाहीतर पोर्तुगाल-इंग्लंडला. पैसे पाठवणारा आहे, कूस बदलणारा नाही. तुम्हाला जे येतं ते फुकटचं नाहीय, अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर केलं नाही तर पाठीला जखमा होतात हे तुम्हाला हातानं माहीत आहे, आणि सहा वर्षांत सासूबाईंना जखम झाली नसेल तर तेच तुमचं सर्टिफिकेट. तरी पण खरं सर्टिफिकेट घ्या. जनरल ड्युटी असिस्टंट म्हणून कोर्स असतो, काही महिन्यांचा, बारावीला सहज मिळतो, त्यात बीपी मोजणं, माणूस उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची, हे शिकवतात. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) वगैरे नादाला आता लागू नका, त्याला वयाची अट ३५ आहे.

जाण्याआधी मात्र बोलून घ्या, आणि लंडनच्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोला, म्हाताऱ्यांशी नाही, कारण पैसे तो देणार. किती तास, आठ की बारा. आठवड्याची सुट्टी कुठली, आणि चवथीला सुट्टी म्हणजे सुट्टी. पेशंटचं काम वेगळं आणि घरचं जेवण, भांडी, लादी वेगळी, हे पहिल्या दिवशी नाही बोललात तर तिसऱ्या दिवशी तुमच्या हातात केरसुणी असेल, आपली माणसं प्रेमळ असतात पण असंच करतात. इंजेक्शन देऊ नका, कितीही सोपं वाटलं तरी, ते नर्सचं काम. आणि एक वही ठेवा, कुठली गोळी किती वाजता दिली, लघवी किती झाली, सगळं लिहा, उद्या काही झालं तर तीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

नवऱ्याला म्हणा पहिल्या महिन्याचा पगार आला की परत बोलू. मी काट्यावरून एसीत गेलो तेव्हा आमच्याकडे पण तोंडं वाकडी झालेली, मग त्याच लोकांचे एसी बिघडले.

प्रश्न : वय ४६, बी.कॉम., खासगीत अकाउंट्स. सरकारी क्लार्कच्या जागा निघाल्यात, फॉर्म भरू का? घरची म्हणतात भर.

उत्तर : जाहिरातीत वयाची ओळ वाचा, बहुतेक ठिकाणी ४५ पर्यंत लिहिलेलं असतं आणि जी सूट असते ती मुख्यतः आधीच सरकारात असलेल्यांना आणि राखीव गटांना. तिथं बसत असाल तर पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढून ठेवा. आणि कोंकणी 'आवश्यक' असते, मराठी 'असल्यास बरं', तेव्हा घरी कोंकणी बोलत असाल तरी लिहायचा सराव करा, बोलणारे लिहिताना अडतात. वयात बसत नसाल तर घरच्यांना ती ओळ वाचून दाखवा आणि विषय बंद करा. ह्या एका आशेवर लोक खासगीत नवीन काहीच शिकत नाहीत, ते जास्त वाईट.

प्रश्न : मी मामलेदार कचेरीतून ह्याच वर्षी निवृत्त झालो. आयुष्यभर वकिलांना कागद शोधून दिले, आता स्वतःच वकील व्हावं असं मनात आहे. सून हसते. शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, काका. पदवीला ४५ टक्के असतील तर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, मिरामारला साळगावकर कॉलेज आहे, मडगावला कारे कॉलेज आहे. घरबसल्या होत नाही, रोज वर्गात बसावं लागतं, हजेरी लागते, नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर. मग सनद, मग बार कौन्सिलची ती ऑल इंडिया परीक्षा, आणि मग एखाद्या सिनियरच्या हाताखाली दोन वर्षं तारखा घेत फिरायचं. म्हणजे स्वतःची पहिली केस येईपर्यंत तुम्ही ६५-६६ चे. पण टेनन्सी (कुळं), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेले), म्युटेशन (उताऱ्यावर नाव चढवणं) ह्यात तुमचं जे डोकं आहे ते पंचवीस वर्षांच्या वकिलाकडे नसतं, आणि वरच्या पहिल्या पत्रातल्या गृहस्थांसारखे कितीतरी लोक आजोबांच्या नावाचा १-१४ घेऊन फिरतायत.

तीन वर्षं वर्गात बसायच्या आधी एक करा. ओळखीच्या एखाद्या वकिलाकडे सहा महिने फुकट बसा, सकाळी दहा ते एक, त्याच्या महसुलाच्या फाईली लावून द्या, आणि तो कोर्टात गेला की मागच्या बाकावर बसून बघा. अख्खी सकाळ बसून नुसती पुढची तारीख मिळाली असे दहा दिवस गेल्यावर पण अकराव्या दिवशी जावंसं वाटलं, तर कॉलेजचा फॉर्म आणा. सुनेलाच पाठवा आणायला.